मावळ्याने हसायचं नाही

खेळण्यातल्या शिपायाला जन्मभर एकच पवित्रा. तलवार उगारलेला मावळा ती उगारूनच असतो. गुडघा टेकून नेम धरलेला हिरवा प्लॅस्टिकचा जवान कधी उठत नाही. साच्यातून निघताना जे काम वाट्याला आलं ते तो करत राहतो, मग समोर शत्रू असो की बेसनाच्या लाडवांचा डबा. या शिपायांची गमतीदार दृश्यं मांडून त्यांचे फोटो काढण्याचा सगळा खेळ याच अडचणीवर चालतो. शिपाई बदलता येत नाही, म्हणून त्याच्याभोवतीचं जग बदलायचं. आणि फोटो असा काढायचा की त्या शिपायाला तिथे काही वावगं वाटत नाहीये असं पाहणाऱ्याला वाटलं पाहिजे.

सुरुंग शोधणारा जवान घ्या. हिरव्या शिपायांच्या पाकिटात तो हमखास निघतो: हातात लांब दांडा, दांड्याच्या टोकाला चकती, मान खाली, पाऊल जपून टाकलेलं. त्याला ताटलीतल्या पोह्यांवर उभा करा. आता तो शेंगदाणा शोधतोय. त्याच्या चेहऱ्यावरची काळजी जशीच्या तशी आहे, आणि शेंगदाण्यासाठी एवढी काळजी कोणी करत नाही, म्हणून हसू येतं. या चित्रात एखाद्या जवानाला स्मितहास्य रंगवलं, डोक्यावर रंगीत टोपी घातली, तर ते गेलंच. विनोद करायचा तो मांडणाऱ्याने. शिपायाने ड्यूटी करायची.

उलट वाटेनेही लोक गेलेत. २०१४ मध्ये अमेरिकेत ‘योगा जोज’ नावाचे हिरवे जवान निघाले, बंदूक वगैरे न घेता योगासनं करणारे. कल्पना झकास आहे, पण तिथे गंमत कारखान्यातूनच भरून येते. फोटो काढणाऱ्याला फारसं काम उरत नाही. मला जुना, बंदूकवाला, गंभीर जवानच बरा वाटतो.

सैन्य कुठून आणायचं? मराठी घरात ते बहुधा असतंच. दिवाळीच्या किल्ल्यासाठी आणलेले मावळे माळ्यावरच्या खोक्यात जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेले असतात. मातीचे मावळे दोन भागांच्या साच्यात दाबून काढतात, भाग जोडतात, वाळले की हाताने रंगवतात. प्लास्टर ऑफ पॅरिसचे ओतून काढतात. दोन्हींत जोडाची एक बारीक रेघ दंडावरून, कानावरून खाली उतरते. डोळ्यांना ती दिसत नाही, फोटोत मात्र ठळक येते, म्हणून मावळा थोडा वळवून ती रेघ सावलीच्या बाजूला घ्यावी. मावळ्यांबरोबर किल्ल्याच्या पायथ्याला गाव वसवायची मंडळीही मिळतात: जात्यावर बसलेली बाई, भाजीवाली, वासुदेव, कुस्ती खेळणारे पैलवान. विनोदाला ही मंडळी सैन्याइतकीच कामाची. त्यात सगळ्यांची मापं वेगळी. भाजीवाली महादरवाजापेक्षा उंच, गुहेतला वाघ घोड्याच्या दुप्पट. किल्ल्यावर हे खटकतं, पण फोटोत ते वरदान कसं ठरतं ते पुढे येईलच.

एक पथ्य मी पाळतो. सिंहासनावरचे महाराज या उद्योगात ओढायचे नाहीत. ते गडावर बसलेले असू द्यावेत. त्यांच्या दरबारात नव्हे, तर खाली पायथ्याशी, मुदपाकखान्यात, पहाऱ्यावर काय चाललंय ते आपलं क्षेत्र.

दुसरं सैन्य परदेशी घराण्याचं. लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने १८९३ मध्ये पोकळ शिशाचे शिपाई काढायला सुरुवात केली. वितळलेला धातू साच्यात ओतायचा, कडेचा थर गोठला की आतला पातळ धातू उलटा करून काढून घ्यायचा. शिपाई हलका झाला, स्वस्त झाला आणि घरोघर गेला. त्यांचं ५४ मिलिमीटर हे माप पुढे खेळण्यातल्या शिपायांचं जवळजवळ प्रमाण माप बनलं. प्लॅस्टिकचे शिपाई अमेरिकेत १९३८ मध्ये बर्गन टॉय अँड नॉव्हेल्टी कंपनीने आणले, आणि पाकिटातून किलोच्या भावात मिळावेत असे हिरवे जवान महायुद्धानंतर जगभर पसरले. १९९५ च्या ‘टॉय स्टोरी’त पायाखालच्या चकतीसकट उड्या मारत जाणारे जवान हेच. जुने शिशाचे शिपाई कुणाकडे असतील तर ते मुलांच्या हाती देऊ नयेत आणि हाताळल्यावर हात धुवावेत. प्लॅस्टिकच्या जवानाची बंदूक वाकली असेल तर तो गरम पाण्यात बुडवून नळी सरळ करायची आणि लगेच थंड पाण्यात धरायची. प्लॅस्टिक त्या आकारात बसतं.

आता पवित्रे वाचायला शिकायचं. हे काम कॅमेऱ्याशिवाय, सावकाश, एकेक शिपाई हातात घेऊन करावं. शिपायाच्या हातातलं शस्त्र क्षणभर विसरा आणि फक्त अंग बघा. हातबॉम्ब फेकणारा जवान म्हणजे सीमारेषेवरून चेंडू परत फेकणारा क्षेत्ररक्षक. पोटावर सरपटणारा म्हणजे सोफ्याखाली गेलेलं पेनाचं टोपण काढणारा. पाठीवर वायरलेस घेतलेला जवान रिकाम्या गॅस सिलिंडरपाशी उभा केला की तो कुणाशी बोलतोय हे सांगावं लागत नाही. दुर्बीण लावलेला अधिकारी रिकाम्या डब्याच्या काठावर. तुतारी फुंकणारा मावळा तर सोन्यासारखा: तुतारीचं तोंड चुलीकडे किंवा न पेटणाऱ्या शेगडीकडे केलं की ती तुतारी फुंकणी होते आणि त्याचे फुगलेले गाल एकदम ओळखीचे वाटू लागतात. भालाईताचा भाला म्हणजे जळमटं काढायची काठी, कैरी पाडायची आकडी, कपडे वाळत घालायची काठी.

पवित्रा वाचता येतो की नाही याची परीक्षा सावलीत करावी. शिपाई खिडकीत उभा करून डोळे किलकिले करा. नुसत्या काळ्या आकृतीवरून तो काय करतोय हे कळलं तर तो शिपाई चालेल. हात अंगाला चिकटलेला, शस्त्र छातीवर आडवं, अशी आकृती काळी केली की ठोकळाच उरतो. असे शिपाई मागच्या रांगेत ठेवावेत.

विनोदी दृश्याला तीन गोष्टी लागतात: काम करणारा शिपाई, सगळ्यांना माप माहीत असलेली वस्तू आणि साक्षीदार. वस्तू ओळखीची हवी, कारण शिपाई किती छोटा आहे हे तिच्यावरूनच कळतं. चकली, काडेपेटी, शंकरपाळं, लिंबू, चहाचा कप. जपानचे तात्सुया तानाका २०११ पासून रोज एक असं छोट्या माणसांचं दृश्य मांडून प्रसिद्ध करत आले आहेत. त्यांच्याकडे ब्रोकोलीचं झाड होतं. आपल्याकडे फराळाच्या ताटात याहून चांगलं सामान आहे. अनारसा म्हणजे खडबडीत पठार, शंकरपाळ्यांची तटबंदी चिरेबंदी दिसते आणि कडबोळं खांद्याला अडकवता येतं.

साक्षीदार नवशिके विसरतात. दृश्यात एक तरी शिपाई असा हवा की ज्याचं या सगळ्याकडे लक्षच नाही. चार जण लाडू पळवताहेत आणि पाचवा पहारेकरी भाला धरून समोर बघत ताठ उभा आहे. तो नसेल तर चित्र नुसतं वर्णन होतं. तो असला की त्यात एक गोष्ट येते: याला माहीत आहे का, याला वाटा मिळणार आहे का, की हाच झोपलाय? शिपायाची नजर फिरवता येत नाही, म्हणून त्याला पायापासून फिरवायचं. पाच-दहा अंश इकडेतिकडे केलं तरी तो कुणाकडे बघतोय याचा अर्थ बदलतो. यावर वेळ घालवावा. बाकी कशाहीपेक्षा यावर जास्त.

आणि गर्दी नको. पाकिटात पन्नास जवान आहेत म्हणून पन्नास मांडायचे नसतात. तीन-चार पुरे, त्यांच्यामध्ये मोकळी जागा ठेवून.

मांडायला बसण्याआधी कॅमेरा जागेवर पाहिजे. आधी सैन्य मांडून मग फोन घेऊन भोवती फिरणारे लोक शेवटी वरून, आपल्या उंचीवरून फोटो काढतात आणि शिपाई जमिनीवर पडलेल्या बटणांसारखे दिसतात. आधी फोन टेकवा, स्क्रीनकडे बघत एकेक शिपाई आणून ठेवा. स्क्रीनमध्ये जे दिसत नाही ते मांडायची गरज नाही. किल्ल्याची मागची बाजू नुसतं पोतं असली तरी चालतं.

फोन ठेवायचा शिपायाच्या डोळ्यांच्या उंचीवर. ५४ मिलिमीटरच्या शिपायाचे डोळे जमिनीपासून जेमतेम पाच सेंटिमीटरवर असतात. फोनची भिंगं वरच्या कोपऱ्यात असतात, त्यामुळे फोन सरळ उभा केला तर भिंग शिपायाच्या डोक्यावरून बघतं. उपाय सोपा आहे: फोन उलटा धरायचा, भिंगं खाली जमिनीशी. फोटो पुढे सरळ करता येतो. आधाराला छोटी तिपाई किंवा तांदळाची पिशवी. बटण दाबताना फोन हलतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा.

अंतराचा हिशोबही मापातच करायचा. ५४ मिलिमीटरचा शिपाई खऱ्या माणसापेक्षा साधारण बत्तीसपट लहान. उभ्या माणसाचा फोटो आपण पाच मीटरवरून काढत असू, तर त्याचा बत्तीसावा भाग सोळा सेंटिमीटर. तेवढ्या अंतरावरून शिपाई पाहिला की त्याचं नाक, खांदे, पाय यांचं एकमेकांशी नातं खऱ्या माणसासारखं दिसतं. फोनच्या मॅक्रो सोयीने दोन-तीन सेंटिमीटरवर जाता येतं खरं, पण मग नाक बटाट्याएवढं आणि पाय काडीसारखे होतात. तो परिणाम मुद्दाम हवा असेल तेव्हाच जवळ जावं. एरवी थोडं मागे राहून नंतर फोटो कातरावा.

मागे राहण्याचा आणखी एक फायदा फोकसमध्ये मिळतो, आणि इथे जरा थांबायला हवं. वस्तू जितकी जवळ, तितका स्पष्ट दिसणारा पट्टा अरुंद. मोठ्या, फुल फ्रेम कॅमेऱ्याला ५० मिलिमीटरचं भिंग लावून अर्ध्या मीटरवरून फोटो काढला, तर एफ/२.८ ला हा पट्टा सुमारे दीड सेंटिमीटरचा असतो. एका मावळ्याचा भाला स्पष्ट आला तर त्याच्या मागच्याचं डोकं धूसर. एफ/१६ ला तोच पट्टा आठ-साडेआठ सेंटिमीटरपर्यंत रुंद होतो. फोनचा संवेदक लहान असल्यामुळे त्याला हा त्रास कमी. म्हणजे या एका कामात फोन महागड्या कॅमेऱ्याला भारी पडतो. फक्त पोर्ट्रेट मोड बंद ठेवावा. तो मागचं दृश्य गणित करून धूसर करतो आणि भाल्याचं टोक, तलवारीचं पातं अशा बारीक वस्तू त्या गणितात खाऊन टाकतो.

धूसरपणाचा एवढा बाऊ करायचं कारण सांगतो. डेव्हिड लेव्हिन्थल आणि व्यंगचित्रकार म्हणून गाजलेले गॅरी ट्रूडो या दोघांनी १९७७ मध्ये ‘हिटलर मूव्ह्ज ईस्ट’ हे पुस्तक केलं. हिटलरच्या रशियावरच्या स्वारीचे फोटो, पण सगळे खेळण्यातल्या शिपायांचे. बर्फ म्हणून पीठ. लेव्हिन्थल यांनी फोकसचा पट्टा अगदी अरुंद ठेवला. बरंचसं चित्र धुक्यात विरघळलेलं. पाहणाऱ्याला हे खेळणं आहे की खरा मरणारा सैनिक, याची खात्री देता येत नाही, आणि अंगावर काटा येतो. खेळण्याच्या फोटोत किती ताकद असते याचा हा पुरावा. पण आपल्याला हसवायचं आहे, तेव्हा आपली गरज याच्या बरोबर उलटी. शिपाई आणि लाडू दोन्ही स्पष्ट दिसलेच पाहिजेत, कारण तो लाडू आहे हे ज्या क्षणी कळतं त्या क्षणी हसू येतं. लाडू धूसर झाला तर तो दगड वाटेल, आणि मावळे दगड ओढताहेत यात कसली गंमत?

प्रकाशाबाबत एक गोष्ट पुष्कळांना उलटी वाटते. खेळणं लहान, म्हणून टेबललॅम्प पुरेल असं वाटतं. पण जवळच्या दिव्यापासून किरण पंख्यासारखे पसरतात. एका शिपायाची सावली डावीकडे, शेजाऱ्याची उजवीकडे, आणि पुढचा जवान लख्ख तर मागचा अंधारात. डोळ्याला लगेच कळतं की हे टेबलावरचं जग आहे. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण समांतर येतात. मग शिपाई सहा फुटांचा असो वा दोन इंचांचा, सावल्या एकमेकींना समांतर. म्हणजे सूर्याला माप लागू होत नाही, आणि खोटं दृश्य खरं वाटायला लावणारी याहून स्वस्त वस्तू नाही. सकाळी किंवा उतरत्या दुपारी काम करावं. सूर्य क्षितिजापासून २० अंशांवर असला की सावली उंचीच्या पावणेतीनपट होते. एकटा पहारेकरीसुद्धा मग महानाट्यातला वाटतो. घरातच काढायचं असेल तर दिवा दोन-तीन मीटर दूर न्यावा, आणि काळ्या पडलेल्या बाजूला पांढरा कागद उभा करावा.

जमीन हा स्वतंत्र विषय आहे, पण एका नियमात उरकतो: प्रत्येक कण बत्तीसने गुणा. तीन मिलिमीटरचा खडा त्यांच्या जगात जवळजवळ दहा सेंटिमीटरचा धोंडा होतो. म्हणून माती मैद्याच्या चाळणीने चाळून घ्यावी. किल्ल्यावर पेरलेलं हळीव आठवडाभरात लहान शिपायांच्या छातीपर्यंत येतं आणि अप्रतिम जंगल होतं, मोहरीही चालते. पायाखालची चकती मैदानातल्या दृश्यात चाळलेल्या मातीखाली लपवावी. ओट्यावरच्या, ताटलीतल्या दृश्यात मात्र ती मी लपवत नाही. पोह्यांमध्ये उभा असलेला जवान खरा वाटावा अशी कुणाची अपेक्षाच नसते, आणि चकतीवर तोल सांभाळत शोध घेणारा शिपाई जास्त केविलवाणा दिसतो. शिपाई पडत असेल तर चकतीखाली मेणाचा खडा दाबावा.

पाणी, आग आणि धूर ही तिन्ही माप ऐकत नाहीत. पाण्याचा थेंब पृष्ठताणामुळे आपलाच आकार धरतो. तीन मिलिमीटरचा थेंब शिपायाच्या जगात नारळाएवढा. म्हणून फवारा मारून पाऊस दाखवता येत नाही, आणि मातीच्या अनेक मावळ्यांचा रंग पाण्याने उतरतो तो वेगळाच. तळं हवं तर काच किंवा पारदर्शक कागद चुरगळून. तोफेचा धूर कापसाचा: कापूस खूप पिंजायचा, आत दिवाळीच्या माळेतला एखादा छोटा एलईडी आणि त्यावर नारिंगी जिलेटिन कागद. अगरबत्तीचा धूर दुरून धुकं म्हणून वापरता येतो, पण प्रकाश मागून हवा. पुढून टाकला तर धूर दिसतच नाही. खरी आग नको. प्लॅस्टिक वितळतं, घर जळतं, आणि ज्वाळेचं माप तरीही चुकतंच. दिवाळी संपल्यावर किल्ल्यात सुतळी बॉम्ब लावायची पोरांची पद्धत आहे, तेव्हा फोन घेऊन जवळ बसण्याचा मोह टाळावा.

चलचित्र काढायचं असेल तर स्लो मोशन लावावं. हवेत उडालेली माती आपल्या वेगाने खाली येते, शिपायाच्या वेगाने नाही. सिनेमात छोट्या प्रतिकृतींचं चित्रण मापाच्या वर्गमुळाएवढं जलद करतात. बत्तीसचं वर्गमूळ साडेपाचच्या थोडं वर. फोनचं चौपट-आठपट स्लो मोशन म्हणजे बरोबर गरजेच्या आसपास.

आता एक दृश्य सुरुवातीपासून मांडू: मावळे बेसनाचा लाडू गडावर चढवताहेत. दोन-अडीच इंची मावळे घ्यावेत, म्हणजे लाडू त्यांच्या छातीपर्यंत येईल; चार इंचींसाठी तो फारच सहज उचलण्यासारखा दिसतो. लाडवावर मनुका किंवा काजू असावाच आणि तो कॅमेऱ्याकडे असावा. मनुका दिसला की तो लाडूच, दुसरं काही नाही. किल्ल्याच्या उतारावर लाडू ठेवून खालून टूथपिक खुपसायची, म्हणजे तो घरंगळत नाही. दोर म्हणून सुतळी नको. या मापात ती जहाजाच्या दोरखंडासारखी जाड होते. शिवणाच्या दोऱ्याचे तीन पदर पीळ घालून घ्यावेत.

ओढणारा मावळा बाजारात मिळत नाही. भालाईत घ्यायचे, दोर त्यांच्या भाल्याला बांधायचा आणि त्यांना चढाकडे पाठ करून किंचित मागे झुकवायचं, चकतीखाली पुढच्या बाजूने मेण घालून. तलवार उगारलेला मावळा वर, सगळ्यांच्या पुढे: तो आता मुकादम झाला, तलवारीने ताल धरतोय. दोर ताणलेला हवा. ढिला दोर दिसला की वजन संपलं आणि विनोदही संपला. लाडवामागे रेटा द्यायला पैलवानांची जोडी सोडवून घेता आली तर उत्तम, पण ते बहुधा एकमेकांना चिकटलेले असतात. मग ते बाजूला कुस्ती खेळत राहू देत, तेही साक्षीदारच. महादरवाजात पहारेकरी, नजर समोर. भाजीवाली मापाने मोठी असेल तर तिला अगदी पुढे, कॅमेऱ्याजवळ एका कडेला, पाठमोरी बसवावी. जवळची माणसं मोठी दिसणारच, त्यामुळे मापाचा दोष खोलीत बदलतो. सर्वांत लहान मावळे बुरुजावर ठेवावेत, की गड एकदम उंच होतो. मागे दोन फुटांवर फिकट निळा कार्डशीट, किंवा मोकळं आकाश.

फोकस मनुक्यावर. स्क्रीनवर तिथे बोट दाबून ठेवलं की बहुतेक फोनांत तो तिथे बांधला जातो. उजेड थोडा कमी करावा. मूळ प्रकाशात तुपकट लाडू चकाकतो आणि चकाकी पांढरी पडते.

एक फोटो काढून थांबू नये, पण दुसरा फोटो तसाच काढण्यातही अर्थ नाही. लंडनच्या रस्त्यांवर २००६ पासून मॉडेल रेल्वेची इवलीशी माणसं मांडणारा स्लिंकाचू दोन फोटो काढतो: एक जवळून, जिथे सगळं खरं आणि गंभीर, दुसरा दुरून, जिथे ती माणसं रस्त्याच्या कडेला कुठे आहेत ते कळतं. लाडवाच्या मोहिमेतही हे करून बघा. पहिल्यात घामाघूम मावळे, दुसऱ्यात सोसायटीचं आवार, स्कूटरचं चाक, आणि त्याच्या पायथ्याशी ओंजळीत मावेल असा गड.

मुंग्या येतील. त्यांना हाकलू नका. तीन मिलिमीटरची मुंगी शिपायाला दहा सेंटिमीटरची, म्हणजे उंदराएवढी. सेंटिमीटरभराचा मुंगळा तर छोट्या कुत्र्याएवढा. शत्रूपक्ष म्हणून याहून सरस नट मिळायचे नाहीत, आणि मानधन साखरेचे चार दाणे. हवा तो मुंगळा हव्या त्या जागी यावा म्हणून साखर तिथे ठेवायची, फोकस तिथे बांधायचा आणि वाट बघायची.

राहता राहिला मथळा. एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ नावाचं पुस्तक लिहिलं, स्प्रिंगच्या तोफेने शिशाचे शिपाई पाडून लढाई कशी खेळायची याचे नियम सांगणारं. त्यातलं एका लढाईचं वर्णन त्यांनी निवृत्त सेनापतीच्या थाटात, शिस्तीत केलंय, आणि म्हणूनच ते मजेदार आहे. मथळ्याचा सूर तोच असावा. “मावळे लाडू खाताना, हा हा!” असं लिहिलं की फोटोतला पहारेकरीसुद्धा लाजेल. बखरीची, सरकारी टिपणाची, लष्करी खलित्याची भाषा वापरावी: “तिसऱ्या प्रहरी ऐवज माचीपर्यंत पोचला. मनुका एक कमी भरला. चौकशी चालू.” जे चित्रात दिसतंय ते मथळ्यात नको, जे दिसत नाही, मनुका कुणी खाल्ला वगैरे, ते मथळ्यात.

काम आटोपल्यावर मावळे कोरड्या कुंचल्याने झाडून, वेगवेगळे गुंडाळून खोक्यात. दोर सोडवून ठेवावा, नाहीतर पुढच्या वर्षी भाले तुटतात. आणि मोहिमेवर गेलेला लाडू कुणी खाऊ नये. त्याला माती लागलेली असते आणि पोटात टूथपिक असते. मुलांना हे आधी एकदा सांगावं, आजोबांना दोनदा.